विद्यापीठापासून लांबचं हॉस्टेल जेवणासकट घ्यावं, की जवळ नुसती खोली घेऊन मेस लावावी? (कोल्हापूर)

सावंतवाडीकर

नमस्कार. मुलीला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळालाय. कॅम्पसवरच्या मुलींच्या वसतिगृहात तिचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. वर्ग सुरू व्हायच्या आत नंबर लागेल असं धरून बसता येत नाही, म्हणून कोल्हापुरात जाऊन दोन जागा बघून आलो.

पहिली राजारामपुरीत. खासगी लेडीज हॉस्टेल, एका खोलीत तिघी, नाष्टा आणि दोन वेळचं जेवण त्यातच. महिना ७,५०० रुपये, डिपॉझिट १०,००० आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. दुसरी सायबर चौकाजवळ. नुसती खोली, ४,००० रुपये. जेवणाला पलीकडच्या गल्लीत मेस आहे, दोन वेळचे ३,०००, नाष्ट्याचं आपलं आपण बघायचं.

राजारामपुरीत जेवून बघितलं. चपाती, मटकीची उसळ, आमटी, भात. चांगलं होतं, तिखट जरा पुढचं. आम्ही भात-मासे खाणारी माणसं, पण ते ती निभावून नेईल. मला विचारायचंय ते एवढंच : दुपारचं जेवण तिच्या वेळेत बसेल का, घरी येईल त्या दिवसांचे पैसे वळते होतात का, आणि पैसे भरायच्या आधी काय काय विचारून घ्यावं?

---

ताटवाटी

एकदा जेवून चव कळते, मेस कळत नाही. पालक येणार म्हटल्यावर त्या दिवशी आमटीत डाळ असतेच. तुम्ही आधी ताटं मोजा.

महिन्याला ६० ताटं असं सगळे धरतात, पण बहुतेक मेसना रविवारी रात्री सुट्टी असते. चार रविवार वजा केले की राहिली ५६. आता तुमच्या ७,५०० मधले ४,००० खोलीचे धरू, दुसऱ्या जागेच्या भाड्याशी ताडून. राहिले ३,५००. त्यात नाष्ट्याचे ७०० धरले तर जेवणाला उरले २,८००, म्हणजे ताट ५० रुपयांना पडलं. भाव वाईट नाही.

पण केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स असली की दुपारी ती राजारामपुरीला जेवायला येणार नाही. सुट्टी अर्ध्या-पाऊण तासाची, आणि नुसतं येण्या-जाण्यातच तेवढा वेळ जातो. महिन्याचे २२ दिवस कामाचे धरा. २२ ताटं तिने न खाता भरली, १,१०० रुपये. कॅम्पसवर रोज ६० रुपयांचं काही खाल्लं तर वर १,३२०. तुमची ७,५०० ची जागा ८,८२० ला गेली. दुसरीकडे खोली, मेस आणि नाष्टा मिळून ७,७००. आता सायबर चौकातली जागा स्वस्त दिसायला लागेल, पण थांबा, तिथूनही दुपारी चालत येऊन जेवून परत जाणं पाऊण तासात होत नाही. २२ ताटं तिथेही बुडतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारा : सकाळी डबा भरून देता का? देत असाल तर किती वाजता?

स्वयंपाकघर बघायला मिळतं का विचारा. जेवणाच्या वेळी जाऊ नका, सकाळी दहाच्या सुमारास जा, तेव्हा दुपारचं शिजत असतं. सिलिंडर निळे, १९ किलोचे व्यावसायिक हवेत. लाल, १४.२ किलोचे घरगुती सिलिंडर मेसला वापरायला परवानगी नाही. ते वापरणाऱ्याकडे कुणी तपासायला आलं की दोन दिवस पोह्यांवर काढावे लागतात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ अंकी नंबर भिंतीवर लावलेला असावा. त्यावर नाव आणि पत्ता याच जागेचा आहे का तेही वाचा, दुसऱ्या शाखेचा कागद लावून ठेवण्याची पद्धत आहे.

मग मालकांना सोडून स्वयंपाकाच्या मावशींना सहज विचारा, "पीठ किती किलो मळता?" मावशी पटकन सांगतात. किलोभर पिठात मेसच्या आकाराच्या ३० ते ३५ चपात्या होतात. ४० मुलींना तीन-तीन म्हणजे १२० चपात्या, चार किलोच्या आसपास पीठ लागलंच पाहिजे. तांदूळ माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे एका वेळी तीन किलो. तूरडाळ माणशी ३० ग्रॅम, सव्वा किलो. ४० जणींना अर्धा किलो डाळ असं उत्तर आलं, तर आमटी कशी असणार ते बघायला परत जायची गरज नाही. कडधान्यात सोडा घालतात का तेही कळलं तर बरं. गॅस वाचतो म्हणून घालतात, आणि पोरींची पोटं फुगतात.

तिखटाचं : इकडची कांदा-लसूण चटणी तेलाबरोबर वर तरंगते. पातेल्यात वरवरची पळी घेतली की सगळा कट ताटात येतो. पळी तळाला नेऊन घ्यायची. कोकणातल्या मुलीला पहिले पंधरा दिवस एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

---

जुना_रेक्टर

ताटांचा हिशोब बरोबर आहे. पण तुमच्या प्रश्नातली खरी गोम प्रतीक्षा यादीत आहे, आणि तिच्याकडे अजून कुणी बघितलेलं नाही. कॅम्पसवर नंबर लागला तर मुलगी दोन महिन्यांत तिकडे जाईल. मग आगाऊ भरलेल्या उरलेल्या चार महिन्यांचं काय? "बघू, दुसरी मुलगी मिळाली तर देऊ," हे उत्तर ऐकून पैसे भरू नका. महिन्याच्या महिन्याला किंवा तीन महिन्यांचे एकदम, असं ठरवा. एक महिना आधी सांगून जागा सोडता येईल आणि डिपॉझिट अमुक दिवसांत परत मिळेल, हे नियमपत्रकावर पेनने लिहून मालकांची सही घ्या. जुलैत खोल्या भरायची घाई असते. त्या घाईत ही अट मान्य होते, सप्टेंबरमध्ये कुणी ऐकून घेत नाही.

पावती खोलीची वेगळी आणि जेवणाची वेगळी मागा. एकत्र ७,५०० ची पावती असली की उद्या जेवण बंद करून खोली ठेवता येत नाही, कारण जेवणाचे किती हेच कुठे लिहिलेलं नसतं. खोलीच्या भाड्यावर कुणी जीएसटी लावत असेल तर विचारा. माणशी महिना २०,००० पर्यंत भाडं आणि सलग ९० दिवसांचा मुक्काम असेल, तर २०२४ पासून तो माफ आहे.

आता खाडा, म्हणजे जेवायला नसेल त्या दिवसांचे पैसे वळते होणं. हा शब्द सगळे वापरतात, पण प्रत्येक मेसचा खाडा वेगळा असतो. साधारण नियम असे : सलग तीन दिवसांपेक्षा कमी गैरहजेरी धरत नाहीत, आदल्या संध्याकाळपर्यंत खाडा वहीत नाव आणि तारीख घालून सही करायची, फोनवर सांगितलेलं चालत नाही. पैसे रोख मिळत नाहीत, पुढच्या महिन्यात वळते होतात. तेही बऱ्याचदा निम्मेच. निम्मे म्हटल्यावर पालक भांडायला उठतात, पण त्यात मालकाची लबाडी असतेच असं नाही. मावशींचा पगार, गॅस, जागेचं भाडं मुलगी जेवो न जेवो तेवढंच राहतं. वाचतात ते फक्त पीठ, तांदूळ, भाजी. तेव्हा पूर्ण ताटाच्या पैशांसाठी अडून बसू नका, निम्मे मागा. निम्मे मिळतात.

सावंतवाडीला दर आठवड्याला येणार असेल तर हे बघा. शनिवारी दुपारी निघाली आणि सोमवारी सकाळी परत आली तर शनिवार रात्र आणि रविवार दुपार अशी दोनच ताटं बुडाली, कारण रविवारी रात्री मेस बंदच. तीन दिवसांच्या नियमात हे बसत नाही. महिन्याला आठ ताटं, ४०० रुपये गेले. त्यात रविवार दुपारचं ताट सगळ्यात महागाचं, चिकन किंवा गोडधोड त्याच दिवशी असतं. दर शनिवारी घरी जाणाऱ्या मुलीला वर्षभर बटाट्याची भाजी तेवढी मिळते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा जोडून सुट्टी बघून चार दिवस जावं, खाडाही लागतो.

दिवाळीची सुट्टी वेगळी विचारा. मेस किती दिवस बंद राहणार, त्या दिवसांचे पैसे कापणार का, आणि प्रोजेक्टसाठी थांबलेल्या मुलींनी तेव्हा जेवायचं कुठे.

शेवटचं, राखून ठेवलेलं ताट. लायब्ररीतून किंवा लॅबमधून यायला उशीर झाला तर फोन करून ताट झाकून ठेवायची सोय आहे का, आणि किती वाजेपर्यंत. "ठेवतो की" या उत्तरावर जाऊ नका. झाकलेलं ताट कुठे ठेवतात ते बघा, त्यावर नावाची चिठ्ठी लावतात का बघा. चिठ्ठी नसेल तर उशिरा आलेल्या चौघींपैकी तिघींनाच ताट मिळतं.

---

सागरमाळ_एक्सप्रेस

काका, राजारामपुरी म्हणजे नक्की कुठली गल्ली? जनता बझारकडचं टोक आणि माउली पुतळ्याकडचं टोक यात लई फरक पडतोय. माउलीकडनं सागरमाळ धरून विद्यापीठाकडं सुटता येतं. अलीकडच्या टोकाला असला तर आधी मेन रोडची गर्दी काढायला लागती.

आणि हॉस्टेलवाले अंतर सांगतात ते विद्यापीठाच्या गेटपर्यंतचं. कॅम्पस ८५३ एकराचा हाय. गेटपासनं आपल्या डिपार्टमेंटपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, पावसात छत्री धरून वीस. सकाळी के.एम.टी., म्हणजे महापालिकेची बस, शहरातनंच भरून येती, मधल्या स्टॉपला चढायला मिळतंयच असं न्हाई. एक गेली की पुढचीची वाट. म्हणून पहिलं लेक्चर असेल त्याच्या तासभर आधी स्टॉपवर पाहिजे. नाष्टा साडेआठाला सुरू होणारं हॉस्टेल घेतलंसा तर पोरगी रोज उपाशी जाणार, ते आधी विचारा. साडेसातला ताटात पोहे पडले पाहिजेत.

बसचा विद्यार्थी पास निघतोय. बोनाफाईड आणि फोटो लागतो. बोनाफाईड प्रवेशाच्या गर्दीत लवकर मिळत न्हाई, त्यामुळं पहिले काही दिवस सुट्टं तिकीट धरूनच चला. स्कूटी देणार असाल तर जाऊन-येऊन ८ किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, साडेचार लिटर पेट्रोल. पण हॉस्टेलच्या दारात गाडी लावायला जागा हाय का बघा. राजारामपुरीत रस्त्यावर लावलेली गाडी सकाळी चार गाड्यांच्या मागं अडकलेली असती.

---

भाकरीतुकडा

एवढी आकडेमोड कशाला? खोली विद्यापीठाजवळ घ्यावी, मेस आवडली नाही तर बदलावी. हॉस्टेलचं जेवण बेचव झालं तर सहा महिने सुटका नाही. बाहेरच्या मेसवाल्याला गिऱ्हाईक जायची भीती असते, म्हणून तो नीट वाढतो. सायबर चौक, राजेंद्रनगर, प्रतिभानगर या पट्ट्यात मेसना तोटा नाही.

---

जुना_रेक्टर

मेस बदलता येते हे खरं. पण बाहेरची मेस म्हणजे बहुतेक वेळा एकच घर असतं. घरात लग्न निघालं, मावशींच्या गावची म्हाई (जत्रा) आली, कुणी आजारी पडलं, की दारावर पाटी : "चार दिवस मेस बंद." ते चार दिवस महिन्यात वाढवून देतात, पण भूक काही पुढे ढकलता येत नाही. शिवाय जुलै-ऑगस्टच्या पावसात रात्री आठ-साडेआठला ताटासाठी बाहेर पडायचं. मुलाच्या बाबतीत मीही तुमच्यासारखंच सांगितलं असतं. मुलीच्या बाबतीत हॉस्टेलची वेळ आणि मेसची वेळ दोन्ही समोर ठेवून बघायला हवं. मेस साडेसातला उघडते आणि हॉस्टेलचं गेट आठला बंद होतं अशी जोडी असली, तर पहिल्या पंगतीत जागा मिळाली नाही की झालं.

कॅम्पसवर नंबर लागला तर तिथे कुठली पद्धत आहे तेही विचारून ठेवा. काही वसतिगृहांत ठरीव दर असतो, काहींत डिव्हायडिंग. डिव्हायडिंगमध्ये महिनाअखेर सगळा खर्च एकूण ताटांनी भागतात. समजा १,३५,००० खर्च आणि ३,००० ताटं, तर ४५ रुपये ताट, आणि ज्याने जेवढी खाल्ली तेवढी त्याच्या नावावर. यात खाड्याचा वाद राहत नाही. मात्र परीक्षा संपत आल्यावर निम्म्या मुली घरी जातात, मावशींचा पगार तेवढाच राहतो, आणि शेवटच्या महिन्यात ताट एकदम वर उडी मारतं. नवीन मुलींना तो घोटाळा वाटतो.

राहणं-जेवण एकत्र ही पद्धत इथे जुन्या बोर्डिंगांमधून आलेली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. गावाकडून आलेल्या पोराला राहायला आणि जेवायला एकाच छताखाली मिळालं तरच तो शिकेल, असा त्यामागे विचार होता. दसरा चौकात अजून त्या इमारती दिसतात. असो, मुद्दा मेसचा होता.

---

सावंतवाडीकर

सगळ्यांचे आभार. हॉस्टेलला फोन केला. माउली पुतळ्याकडचं टोक आहे. पैसे तीन महिन्यांचे एकदम घ्यायला तयार झाले, आणि महिनाभर आधी सांगून सोडता येईल हे लिहून देतो म्हणाले. नाष्टा साडेसातला. डबाही देतात, सकाळी आठला भरतात, वेगळे पैसे नाहीत, डबा आपला आणायचा. ती तो खाणार एक-दीड वाजता. म्हणजे पाच-साडेपाच तास. तेवढा टिकतो का? भाताशिवाय तिचं जमत नाही, तेव्हा भात द्यावा का?

---

ताटवाटी

आठला डबा भरतात हे ऐकून एक प्रश्न लगेच विचारा : त्यात भाजी कुठली असते? हॉस्टेलची दुपारची भाजी अकराला होते. आठला भरलेल्या डब्यात ती असूच शकत नाही. मग एक तर डब्यासाठी सकाळी सहा-साडेसहाला वेगळी भाजी करतात, नाहीतर रात्रीची उरलेली गरम करून भरतात. डबा घेणाऱ्या मुली १५-२० असतील तर वेगळी भाजी करायला परवडतं. तीन-चारच असतील तर काय भरत असतील ते तुम्हीच ओळखा. फोनवर कुणी कबूल करणार नाही. त्यापेक्षा तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा, की काल रात्री काय भाजी होती आणि आज डब्यात काय आलं.

ताजी असेल तर पाच तासांना सुकी भाजी टिकते. बटाटा, फ्लॉवर, गवार, कोबी, झुणका चालतो. दोडका, दुधीला पाणी सुटतं. त्यात शेंगदाण्याचा कूट भरपूर घातला तर तो पाणी ओढून घेतो, नाहीतर दप्तरात डबा गळतो आणि वह्या पिवळ्या होतात. मोडाच्या मटकीची उसळ आणि ओलं खोबरं घातलेलं काहीही मार्च ते मे डब्यात नको. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला तर चाखूनही बघू नये.

भात नको. शिजलेला भात कोमट राहिला की त्यातले जिवाणू जोर धरतात. शिजवताना त्यांचे बीजाणू मरत नाहीत, आणि एकदा विष तयार झालं की परत गरम करूनही ते जात नाही. ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न जास्त वेळ ठेवू नये म्हणतात ते यासाठीच, आणि बंद डब्यातला भात सगळी दुपार नेमका त्या मधल्या अंशांवर बसलेला असतो. सकाळी तीन चपात्या, भाजी, चटणी. भात रात्री पोटभर. दही न्यायचं तर वेगळ्या घट्ट झाकणाच्या डबीत, आणि तेही पावसाळ्यात-हिवाळ्यातच.

चपाती तव्यावरून थेट डब्यात गेली की वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन चपात्या लगदा होतात. मावशींना सांगा, माझ्या चपात्या आधी बुट्टीत (टोपलीत) दहा मिनिटं राहू द्या. मग सुती फडक्यात गुंडाळायच्या. फडकी दोन लागतात, एक धुवून वाळत असतं. डबेही दोन घ्या. कालचा डबा रात्री परत आला, घासायला गेला, आणि सकाळी आठला ओलाच मिळाला असं व्हायला नको.

केमिस्ट्रीची मुलगी म्हणून एक सांगतो. डबा लॅबमध्ये न्यायचा नाही, टेबलावर तर नाहीच, आणि तिथल्या फ्रीजमध्ये कधीही ठेवायचा नाही. तो रसायनांसाठी असतो. बाहेर बॅगेतच राहू दे. जेवायच्या आधी हात साबणाने धुवायचे. सॅनिटायझर चोळल्याने हाताला लागलेलं रसायन जात नाही, नुसतं पसरतं.

---

पंचगंगा_४३

जेवणाचं सगळं आलं, पाण्याचं कुणी बोललं नाही. राजारामपुरी आणि विद्यापीठ दोन्ही उंचावर, पुराचं पाणी तिथे येत नाही, हे खरं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. पाणी ४३ च्या वर गेलं तरी तुमच्या मुलीच्या हॉस्टेलची पायरीही भिजणार नाही. पण २०१९ च्या पुरात शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडीची उपसा केंद्रंच पाण्यात गेली, आणि शहरभर नळ कोरडे पडले. उंचावरच्या घरांचेही. शिरोलीपाशी महामार्ग बंद झाल्यावर गॅस, दूध, भाजी सगळंच अडलं. म्हणून टाकी किती लिटरची आहे ते विचारा. ४० मुलींना माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला ४,००० लिटर लागतात. ५,००० ची टाकी असेल तर सव्वा दिवस. बोअर आहे का, ते पाणी कशाला वापरतात, आणि टँकर मागवायची वेळ आली तर पैसे कुणाचे?

सोलरचं असंच. गच्चीवर ५०० लिटरचा सोलर दाखवतात. १७ लिटरच्या बादलीने २९ मुलींच्या अंघोळी झाल्या की संपला. बाकीच्या अकरा जणींना गार पाणी. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा पहिल्या मुलीलाही कोमटच. पर्यायी गीझर आहे का, आणि तो चालू करायची परवानगी कुणाकडे आहे? किल्ली एका बाईंकडे आणि त्या दुसऱ्या गल्लीत राहतात, असला प्रकार असतो.

कपडे वाळवायला छप्पर असलेली जागा बघा. नसेल तर खोलीतच दोऱ्या बांधाव्या लागतात, आणि तीन मुलींचे ओले कपडे एका खोलीत म्हणजे भिंतीला बुरशी. पाऊस सुरू असतानाच जागा बघायला गेलात तर बरं. बुरशी आणि ओल तेव्हाच दिसते, मेमध्ये नवा रंग दिसतो.

---

सावंतवाडीकर

पुन्हा फोन केला. डबा घेणाऱ्या मुली अठरा आहेत, भाजी सकाळी सहाला वेगळी होते. तिथल्याच एका मुलीशी माझ्या मुलीचं बोलणं झालं, तीही तेच म्हणाली. टाकी १०,००० लिटरची, बोअर आहे पण ते पाणी फक्त धुण्याला. गीझरचं अजून विचारायचंय. डबे दोन घेतो. त्यावर नाव मार्करने लिहिलं तर राहील का?

---

ताटवाटी

मार्कर दोन घासण्यांत जातो. भांड्याच्या दुकानात कोरून घ्या. आणि नाव डब्यावरही कोरा, झाकणावरही. अठरा डबे एकाच मापाचे असले की घासून ठेवताना झाकणांचीच अदलाबदल होते, दुसऱ्याचं झाकण वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि बसमध्ये उघडतं. दोन डबे दोन वेगळ्या मापांचे घेतलेत तर तिलाही घाईत कळेल कुठलं कुठे बसतं.